सुताराच्या अनुयायांना लाकडाचे वावडे?

झाड तोडणे हे पाप. म्हणून लाकडाचे घर हे पापाचे घर, आणि सिमेंटचे घर मात्र निष्पाप, कारण त्यात कुठे झाड दिसत नाही! असा एक समज आपल्या समाजात मोठ्या भक्तिभावाने जोपासला जातो. ऐकायला तो सात्त्विक वाटतो. परंतु तो खोटा आहे, आणि त्या खोटेपणाची किंमत पुण्याच्या मंडई परिसरात आपल्या डोळ्यांदेखत चुकवली जात आहे.

मंडईची दगडी इमारत १८८६ साली खुली झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. आज ती ज्यांचे नाव मिरवते, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना याच बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत कोणाच्या जिवावर उभी राहते, हा प्रश्न मंडईच्या जन्माशीच असा जोडलेला आहे. आज तो तिच्या आसपासच्या वाड्यांसंबंधी विचारण्याची वेळ आली आहे.

शुक्रवार, बुधवार, कसबा या पेठांतील जुने वाडे लाकडाच्या सांगाड्यावर उभे राहिले. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती विटामातीच्या, भार वाहणारे मात्र लाकूडच. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगायचे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा मंडईपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे कोरीव लाकडी दर्शनी सज्जे आजही पाहावेत.

असे वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. आता येथील जमिनीचा मोह वाढेल, कमी होणार नाही. वाड्यात राहणाऱ्या भाडेकरूंची दुःखे मी नाकारत नाही. दर पावसाळ्यात गळणारे छप्पर आणि केव्हाही ढासळेल अशी भिंत यांच्या छायेत मुले वाढवणाऱ्या माउलीला वारशाचे प्रवचन ऐकवणे हा क्रूरपणा होईल. तिला सुरक्षित घर मिळालेच पाहिजे. माझा वाद तिच्याशी नाही. पाडणे आणि सिमेंट ओतणे यांखेरीज तिसरा मार्गच नाही, असे तिला सांगणाऱ्यांशी माझा वाद आहे.

सिमेंट कसे तयार होते? चुनखडी सुमारे १४५० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजावी लागते. त्या भट्टीच्या इंधनाचा धूर तर निघतोच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही कर्बवायू बाहेर पडतो. जगाच्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. लाकडाची गोष्ट उलटी. झाड हवेतला कर्बवायू शोषून वाढते. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कर्ब असतो, आणि ते लाकूड खांब होऊन उभे असेपर्यंत तो कर्ब तेथेच कोंडलेला राहतो. वाड्याचे सागवान चुलीत गेले, तर शे-दोनशे वर्षांची ती ठेव एका दिवसात हवेत उधळली जाते.

‘पण लाकूड पेटते!’ हा आक्षेप खरा आहे. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. १८७९ साली विश्रामबागवाड्याचा काही भागही आगीत गेला. तथापि बारीक फळी आणि जाड तुळई यांत अंतर आहे. जाड लाकडाचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. लोखंड जळत नाही, पण तापले की मऊ पडून वाकते. फळ्यांचे आडवे-उभे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या आणि तशाच जोडीव जाड लाकडाच्या इमारती युरोपात आता उंच उभ्या राहत आहेत. नॉर्वेतील अशी एक १८ मजली इमारत २०१९ साली पूर्ण झाली, तिची उंची ८५ मीटर. त्याच वर्षी १५ एप्रिलला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे मध्ययुगीन ओकचे छत जळाले. ते पुन्हा कशाचे बांधले? ओकचेच! डिसेंबर २०२४ मध्ये ते मंदिर उपासनेसाठी पुन्हा उघडले.

‘मग जंगले संपतील!’ हा दुसरा आक्षेप. याच भीतीने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या बांधकामांत लाकडावर बंदी घातली. २०२० साली ती उठवली. बेबंद तोड हे पापच, आणि ज्या वनात आदिवासी बांधवांचा हक्क डावलला जातो तेथल्या लाकडात पुण्य नाही. परंतु लावणे, वाढवणे, कापणे आणि पुन्हा लावणे ही शेतीच आहे. परदेशातून जोडीव लाकूड जहाजाने मागवा, असेही मी म्हणत नाही. आपल्या शेताच्या बांधावर साग आणि बांबू वाढू शकतो, आणि पाडलेल्या वाड्यांचे सागवान तर आजच आपल्या दाराशी आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. तेव्हापासून पर्यावरणदिनी रोप लावून छायाचित्र काढणे आपल्याला जमू लागले. पण पुढच्याच महिन्यात सभागृहाचा स्लॅब ओतताना त्या विश्वपत्राची आठवण कोणाला होते? धर्मग्रामाच्या बांधकाम समितीने यापुढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय नकाशावर सही करू नये. जुनी वास्तू दुरुस्त होईल का? छपराला, माडीला, जिन्याला जुने सागवान किंवा बांबू चालेल का? आणि सिमेंट टाळताच येत नसेल, तर ते कमीत कमी किती लागेल? वास्तुविशारदाला उत्तर येत नसेल, तर उत्तर येणारा दुसरा शोधावा.

शलमोनाने परमेश्वराच्या मंदिरासाठी लबानोनचे गंधसरू आणले. आपला प्रभू संत योसेफाच्या घरी सुताराच्या कामात वाढला. त्याच्या अनुयायांना लाकडाची लाज वाटावी आणि सिमेंटचा अभिमान वाटावा, ही श्रद्धा नव्हे; ती केवळ फॅशन आहे.