कुरकुरीची भीती दाखवणाऱ्यांना

मयताच्या घरी बसून, कुरकुर करणाऱ्यांना डसलेल्या अरण्यातल्या सापांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला चीड येते. मी मंडळीत जन्मलो, शब्बाथशाळेत शिकलो, आजही दर रविवारी उपासनेला जातो. म्हणूनच हे लिहितो आहे.

जवान मुलगा अपघातात गेलेली एक आई शवपेटीवर डोकं टेकून ओरडत होती, "देवा, तुला माझाच दिसला का रे?" मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी तिचा खांदा दाबला. "ताई, असं बोलू नये. कुरकुर करणाऱ्या इस्राएलांचं काय झालं, ठाऊक आहे ना?" तिने तोंडात पदर कोंबला. भोवतालच्यांनी माना डोलावल्या. दुःखात बुडालेल्या बाईला शास्त्राचा धाक घालून गप्प केलं, आणि त्याला सांत्वन म्हटलं गेलं.

त्या ज्येष्ठांनी शास्त्र अर्धंच सांगितलं. अरण्यातली कुरकुर गणनेच्या पुस्तकात सुरू होत नाही, निर्गमात सुरू होते. मारा इथलं पाणी कडू निघालं, लोक मोशेवर उखडले. देवाने पाणी गोड केलं. सीनच्या रानात पोटात आग पडली, लोकांनी मिसरातल्या मांसाच्या हंड्यांची आठवण काढली. संध्याकाळी लावे आले, सकाळी मान्ना पडला. रफीदीमला पाणीच नव्हतं, मोशेला दगड मारण्यापर्यंत पाळी आली. खडकातून पाणी निघालं. तीन वेळा तक्रार झाली, तीन वेळा गरज भागली, शिक्षा एकदाही नाही. हे तीन अध्याय मयताच्या घरी कुणी उघडलेले मी पाहिलेले नाहीत.

आता गणनेचा अकरावा अध्याय घ्या, कारण धाक घालणाऱ्यांचा तो लाडका आहे. लोकांना मान्नाचा वीट आला. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून ते रडू लागले. जिथे गुलाम म्हणून राबले, तिथल्या जेवणासाठी! लाव्यांचं मांस दातांत होतं तोच मरी आली. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच अध्यायात मोशे देवाला काय म्हणतो? हे लोक काय मी पोटी वाहिले? हा भार मला झेपत नाही. असंच वागवायचं असेल तर मला मारूनच टाक. इतकं तिखट तर लोकही बोलले नव्हते. मोशेला शिक्षा झाली? त्याला मदतीला सत्तर वडील मिळाले.

फरक सरळ आहे. लोक आपापल्या तंबूच्या दारात रडत होते. मोशे देवाच्या तोंडावर बोलला. पुढे इस्राएलांच्या वाट्याला आलेली चाळीस वर्षांची वणवणही नुसत्या रडण्याची किंमत नव्हती. दुसरा पुढारी नेमून पुन्हा गुलामीत जायचं, असं ठरू लागलं होतं. शवपेटीवर डोकं टेकलेली ती आई कुठे परत निघाली होती? ती तर देवालाच हाक मारत होती.

सोळाव्या अध्यायापुढे मात्र मी अडखळतो. मोशे-अहरोनाविरुद्ध उठलेल्या कोरहाला भूमीने गिळलं, दुसऱ्या दिवशी लोकांनी मेलेल्यांचा दोष मोशे-अहरोनावर ठेवला, आणि १४,७०० माणसं मरीने गेली. हे सोपं करून सांगता येत नाही, मी सांगणारही नाही. पण हा अध्याय कुणावर उगारला जातो, ते पाहा. अर्पणाचा हिशोब मागितला, की कोरह. मंडळीची जमीन कुणी आणि केवढ्याला विकली असं विचारलं, की कोरह. कोरहाला याजकपद हवं होतं. पावतीपुस्तक बघू द्या म्हणणाऱ्याला फक्त पावतीपुस्तक हवं असतं. आणि त्याच अध्यायात अहरोन काय करतो? धूपपात्र घेऊन धावत जातो आणि मेलेल्यांच्या व जिवंतांच्या मधे उभा राहतो. अहरोनाचा मान मागणारे किती जण असे धावताना दिसतात?

पौलाने करिंथकरांना कुरकुरीबद्दल ताकीद दिली, असं मला ऐकवतात. दिलीच. त्याच पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं.

ईयोबाचा तर आपण पुरता खून केला आहे. पहिले दोन अध्याय वाचायचे, 'सहनशील ईयोब' म्हणायचं आणि थेट शेवटच्या पानावर उडी मारायची. तिसऱ्या अध्यायात तो जन्मदिवसाला शाप देतो. पुढे देवाला न्यायासनासमोर खेचू पाहतो. सात दिवस गप्प बसणं एवढंच त्याच्या मित्रांनी चांगलं केलं. नंतर तोंड उघडलं ते आपले ज्येष्ठ बोलतात तेच बोलायला. शेवटी देवाने वादळातून ईयोबाला खडसावलं, हे खरं. पण तो त्याच्याशी बोलला. कोप झाला तो अलीफज आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर: माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. सात बैल, सात मेंढे अर्पावे लागले, आणि ज्याला पापी ठरवलं त्याच्याकडूनच प्रार्थना करून घ्यावी लागली.

वॉल्टर ब्रूगमन या अभ्यासकाने १९८६ सालीच बजावलं होतं, की उपासनेतून विलाप काढून टाकला की न्यायाचा प्रश्नही विचारता येईनासा होतो. आपल्याला तर हे बाहेरून कळायचीही गरज नव्हती. नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले, असं स्वतः सांगत. विठोबाशी भांडणारे तुकोबा! ते भांडण आपण पलीकडच्या काठावर टाकून आलो आणि जी-हुजुरीला विश्वास म्हणू लागलो. त्याचा परिणाम मी पाहतो आहे: ज्यांना देवापुढे बोलू दिलं नाही, ते मंडळीत येईनासे झाले. त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. क्रूसावर येशूने २२व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश मोठ्याने केला; त्याचाही खांदा दाबाल का? ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होत नाही, पण अंधारातच संपतं. कॅथलिक प्रार्थनाक्रमात ते शुक्रवारी रात्री म्हटलं जातं. पाळकांनो, पुढच्या दफनविधीत ते वाचा. अख्खं वाचा, शेवटी 'तरीही प्रभू भला आहे'ची शेपटी जोडू नका, आणि वाचून झालं की खाली बसा.