न बरी होणारी चामखीळ : मलम नको, आधी तपासणी

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. म्युकरमायकोसिस या रोगाला बातम्यांनी दिलेले ते नाव होते. वस्तुस्थिती अशी, की ती बुरशी मुळात काळी नसतेच. तिच्यामुळे नाकाजवळचे, डोळ्याजवळचे मांस मरते आणि मेलेले मांस काळे पडते, एवढाच त्या नावाला आधार. खरोखर काळ्या रंगाच्या बुरश्या वेगळ्याच आहेत. त्या आपल्या शेतात, कुंपणात, कुजक्या लाकडात असतात. काट्याबरोबर कातडीत शिरतात आणि मग दहा-दहा, वीस-वीस वर्षे तेथे मुक्काम ठोकतात.

म्युकरमायकोसिस काही दिवसांत माणूस घेऊन जात होता. त्यामुळे सरकार हलले, रोगाची नोंद सक्तीची झाली, औषधासाठी धावपळ झाली. ते योग्यच झाले. पण आज ज्या रोगाविषयी लिहीत आहे, तो रोग सहसा जीव घेत नाही. तो फक्त पाय घेतो, तोही हळूहळू. त्याची बातमी होत नाही आणि चौकशीही होत नाही. माझे म्हणणे असे आहे, की हा रोग बरा करणे अवघड असले तरी ओळखणे अगदी सोपे आहे. ओळखायची तसदीच आपण घेत नाही, आणि त्याची किंमत शेतकरी आणि मजूर मोजतात.

काटा मोडतो, तेथून सुरुवात

वैद्यकीय भाषेत या रोगाला ‘क्रोमोब्लास्टोमायकोसिस’ म्हणतात. नाव उच्चारायला अवघड, पण रोगाची चाल साधी आहे. अनवाणी चालताना काटा मोडतो, लाकडाची ढलपी घुसते किंवा कोयती निसटून खरचटते. त्या जखमेतून बुरशी आत जाते. जखम भरून येते आणि माणूस ती विसरूनही जातो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याच जागी एक लालसर गाठ येते. ती दुखत नाही. पुढे तिच्यावर खवले धरतात, ती चामखिळीसारखी खरखरीत होते, आजूबाजूला तशाच आणखी गाठी येतात आणि काही वर्षांत पायावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ दिसू लागते. त्या खवल्यांवर नीट पाहिले तर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके दिसतात. हे ठिपके लक्षात ठेवा, त्यांचे काम पुढे आहे.

या बुरशीच्या पेशींच्या भिंतीत मेलॅनिन असते. आपल्या कातडीला आणि केसांना रंग देणारे तेच द्रव्य. त्यामुळे ती उन्हात तग धरते आणि शरीराच्या संरक्षक पेशींनाही सहजी दाद देत नाही. म्हणूनच चांगल्या धडधाकट माणसालाही हा रोग होतो. मधुमेह असला किंवा प्रतिकारशक्ती कमी असली तरच बुरशीचे रोग होतात, असा एक समज आहे. येथे तो लागू पडत नाही.

जगात याचे सर्वांत जास्त रुग्ण ब्राझील आणि मादागास्करमध्ये आढळले आहेत. ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या मॅक्स रुडॉल्फ या जर्मन डॉक्टरने १९१४ मध्ये या रोगाचे रुग्ण नोंदवले. ब्राझीलच्याच मारान्याओ राज्यात बाबासू नावाच्या ताडवर्गीय झाडाची फळे फोडून पोट भरणाऱ्या बायका टरफलांच्या ढिगावर बसून काम करतात. त्यांच्यात हा रोग बैठकीच्या जागी आढळला आणि पुढे त्या टरफलांवर हीच बुरशी सापडली. पारा राज्यातल्या संशोधकांना तर ती लाजाळूच्या काट्यांवर मिळाली. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाजाळू आपल्याकडे बांधाबांधावर आहे. नारळाच्या करवंट्या, कुजलेली लाकडे, करवंदीच्या जाळ्या आणि त्यातून अनवाणी जाणारे पाय यांचीही आपल्याकडे वाण नाही.

१६९ या आकड्याचा अर्थ

भारतातल्या पहिल्या रुग्णाची नोंद १९५७ मध्ये आसामातून झाली. त्यानंतरच्या साठ वर्षांत देशभरातून वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या रुग्णांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण रुग्ण होते १६९. जगभरच्या नोंदींचा आढावा २०२१ मध्ये आला, त्यातला आकडा ७,७४० होता. भारतातले बहुतेक रुग्ण हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातले आणि किनारपट्टीवरचे आहेत. म्हणजे जेथे पाऊस भरपूर, हवा दमट आणि शेती हाताने होते, तेथले.

एवढ्या मोठ्या देशात साठ वर्षांत १६९ रुग्ण. यावरून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक तर हा रोग आपल्याकडे फार विरळा आहे. नाही तर आपण तो पाहतच नाही. पहिल्या निष्कर्षात थोडे तथ्य असेलही. पण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझा कल दुसऱ्याकडे आहे. जो रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचला, ज्याच्या कातडीचा तुकडा तपासला गेला आणि ज्याच्याविषयी कोणी लेख लिहिला, तोच या आकड्यात आला. बाकीचे गावातच राहिले.

अशांपैकी एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आले. किनाऱ्याकडच्या गावातले, साठीच्या घरातले शेतकरी. घोट्याच्या वर आणि नडगीवर खरखरीत वाढ, पायाला सूज, आणि दुखणे अकरा वर्षांचे. आधी त्यांनी कुरूप समजून ते ब्लेडने तासले. मग कोणाच्या सांगण्यावरून बिब्बा घातला, त्याने भाजले आणि जागा आणखी चिघळली. मग औषधाच्या दुकानातून मलम आणले. त्याने खाज कमी झाली, गाठी वाढल्या. पुढे एका ठिकाणी कातडीचा क्षय समजून सहा महिने गोळ्या दिल्या गेल्या. घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळा झाला होता, कारण शेजारच्यांनी कुष्ठरोगाचे नाव काढले होते. चिखलात उभे राहवेना, तेव्हा शेत अर्धेलीने दिले. ‘इतकी वर्षे काय करत होता?’ असे विचारले तर म्हणाले, ‘दुखत नव्हतं हो डॉक्टर, म्हणून राहून गेलं.’

या अकरा वर्षांत त्या खवल्यांचा खरवड काचपट्टीवर घेऊन कोणीही पाहिला नव्हता. तो घेतला तेव्हा निदानाला अर्धा तासही लागला नाही.

तपासणी काय असते?

ही तपासणी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती मागायची तुम्हालाच आहे. जेथे काळे ठिपके दिसतात तेथले खवले खरवडून काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. थोड्या वेळात कातडीचा भाग विरघळू लागतो आणि बुरशी उघडी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीच्या, गोल, तपकिरी पेशी दिसतात. काहींच्या मधोमध आडव्या-उभ्या रेघा असतात. तांब्याची जुनी नाणी ओतून ठेवावीत तशा त्या दिसतात. एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. खरवडीत काही दिसले नाही तर कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सी म्हटले की लोक कर्करोगाच्या नावाने घाबरतात. हा तुकडा जागा बधिर करून काढतात, एक-दोन टाके पडतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. मलेरियाचे रक्तनमुने पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक असतातच. कमी आहे ती सवय. आपल्याच मुलखातले एक उदाहरण देतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन असलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी ‘मदुरा फूट’ या रोगाचा छडा लावला. या दुखण्यात पाय सुजतो आणि भोकांतून काळे किंवा पांढरे दाणे बाहेर पडतात. ते बुरशीमुळे होते, असे त्यांनी १८६० च्या सुमारास मांडले. हा रोग आजच्या विषयाचा जवळचा भाऊबंद. काळ्या दाण्यांचे कारण काळी बुरशीच असते. कार्टरसाहेबांकडे जे साधन होते, त्याहून चांगले साधन आज तालुक्याच्या गावी आहे. मग दीडशे वर्षांनंतर आपला शेतकरी अकरा वर्षे अंधारात का राहावा?

कोणी म्हणेल, इतक्या विरळ्या रोगासाठी एवढा आटापिटा कशाला? उत्तर असे, की ही तपासणी एकाच रोगासाठी नाही. त्याच खरवडीत नायटा, गजकर्ण कळते. त्याच बायॉप्सीत कातडीचा क्षय आणि कर्करोग कळतो. आज या सगळ्यांवर एकच उपाय चालतो, दुकानातले मलम. त्यांतल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, म्हणून माणसाला बरे वाटते आणि आतली बुरशी मोकळी सुटते. ही मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक आहे.

लवकर आले तर काय फरक पडतो?

गाठ लहान असताना ती शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवता येते, आणि रुग्ण मोकळा होतो. पसरल्यावर मात्र इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिनसारखी औषधे सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावी लागतात. ती महाग पडतात. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते. हृदय अशक्त असेल तर इट्राकोनाझोल चालत नाही. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या असतात आणि पित्ताच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास त्या नीट लागू पडत नाहीत. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. आणि एवढे करूनही जुना रोग उलटतो. पायाची सूज कायमची राहते. फार वर्षांच्या जुन्या व्रणात क्वचित कर्करोगही होतो. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या गाठी वर्षभराच्या औषधाने ओसरल्या, पण सूज गेली नाही आणि शेत अजून अर्धेलीनेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातला. यादीत नाव लागल्याने आपल्या तालुक्यात आपोआप काही घडणार नाही. माझ्या मते दोन गोष्टी जिल्हा पातळीवर करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या तंत्रज्ञाला ही खरवड तपासणी शिकवावी. निदान झालेल्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून औषधाचा संपूर्ण कोर्स मोफत मिळावा. महिन्याचे औषध देऊन ‘पुढचे बाहेरून घ्या’ म्हणणे म्हणजे न दिल्यासारखेच आहे. आपल्या लोकप्रतिनिधींकडे रस्त्यांबरोबर ही मागणीही करायला हवी.

आता वाचकांनी काय करावे? पायात वहाणा घाला, असे सांगणे सोपे आहे. लावणीच्या चिखलात वहाण टिकत नाही, हे मलाही कळते. पण कुंपण घालताना, फाटी तोडताना, रानात गुरांमागे जाताना बूट किंवा जाड वहाणा घालता येतात. काटा लागला तर तो पूर्ण काढा आणि जागा साबणाने धुवा. जखमेच्या जागी आलेली गाठ किंवा चामखीळ दोन महिन्यांत गेली नाही, वाढू लागली किंवा तिच्यावर काळे ठिपके दिसले, तर ती तासू नका, तिला डाग देऊ नका, बिब्बा-चुना लावू नका. खाजवल्याने आणि तासल्याने रोग शेजारच्या कातडीत पसरू शकतो. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा घरात कोणाचे ताट वेगळे करू नका.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर औषध मागण्याआधी एक वाक्य जरूर बोला : ‘डॉक्टर, याची खरवड तपासून घ्यायची का?’ यात डॉक्टरांचा अपमान नाही. मला कोणी असे विचारले तर मला आनंदच होतो.