जोड कोठें मिळेल?



कुस्तीच्या फडाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस 'जोड' हा शब्द समजावून सांगावयास नको. जत्रेंत पैलवान तांबड्या मातींत उतरतात, पंच दोघांचें वय व अंगकाठी पाहतात, आणि मगच जोड ठरते. ज्यास जोड मिळत नाहीं, तो कितीहि बलवान असो, त्यास न लढतां घरीं परतावें लागतें. मनुष्यास एकट्यानें धांवतां येतें, पोहतां येतें, दंडबैठका काढतां येतात. कुस्ती मात्र एकट्यानें करतां येत नाहीं. आपल्या स्वारगेटपासून जवळच शुक्रवार पेठेंत चिंचेची तालीम आहे. तेथें किंवा कोणत्याहि तालमींत गेल्यास हेंच दिसेल कीं, वस्ताद डाव सांगतो खरा, पण तो डाव अंगीं मुरवितो समोरचा गडी.

ही जुनी गोष्ट आज आठवण्यास एक अगदीं नवें कारण घडलें. नववीच्या वर्गांतील एक मुलगा पहिल्याच तासास पेंगत असे. एके दिवशीं मीं त्यास सर्वांदेखत कठोर शब्दांत विचारलें, "रात्रभर करतोस तरी काय?" तो खालीं पाहून म्हणाला, "गेम खेळतों, सर." मीं अधिकच रागावलों. तेव्हां तो हळूच म्हणाला, "दिवसां खेळायला इथं कुणीच नाहीं, सर." त्या उत्तरांत उद्धटपणा नव्हता, खेद होता. सर्व वर्गापुढें त्यास लाजविल्याचें मला वाईट वाटलें, आणि मधल्या सुटींत त्यास बोलावून मीं सर्व हकीकत ऐकून घेतली.

त्याच्या मामांनीं दिलेल्या जुन्या संगणकावर 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' नांवाचा एक द्वंद्वयुद्धाचा खेळ आहे. योकोहामा येथील आर्क सिस्टिम वर्क्स या कंपनीनें या मालिकेंतील पहिला खेळ १९९८ सालीं काढला. हा २०२१ सालचा. दोन योद्धे समोरासमोर उभे, एकाची चाल, दुसऱ्याची तोड. आमच्या मुलांत मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळांचें वेड मोठें. द्वंद्वयुद्धाच्या खेळांतहि ज्यांस रुचि आहे ते 'टेकन' अथवा 'स्ट्रीट फायटर' खेळतात. या तिसऱ्या खेळाचें वर्गांत कोणास नांवहि ठाऊक नव्हतें. म्हणून हा मुलगा मध्यरात्रीनंतर साडेबारास संगणकापुढें बसे. कारण हिंवाळ्यांत त्या वेळीं जर्मनींत रात्रीचे आठ वाजलेले असतात, व तेथील खेळाडू दिवसाचें काम आटोपून खेळावयास येतात.

तुम्ही म्हणाल, इंटरनेट असतांना शेजारचा गडी हवा कशास? याचें उत्तर त्या मुलानेंच मला वहीच्या पाठीमागें आंकडे मांडून दिलें. असा खेळ एका सेकंदांत साठ चित्रें दाखवितो; म्हणजे एक चित्र सुमारें १७ सहस्रांश सेकंद टिकतें. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून फ्रांकफुर्ट सुमारें साडेसहा हजार किलोमीटर. तार अगदीं सरळ रेषेंत टाकलेली असती, तरी संदेश जाण्यासच दोन चित्रांचा वेळ गेला असता. आणि तार तर समुद्रांतून व देशादेशांतून वळसे घेत जाते. ज्या खेळांत दोनचार चित्रांच्या फरकानें डाव साधतो किंवा फसतो, तेथें हा विलंब लहान नव्हे.

यावर अमेरिकेंतील टोनी कॅनन यांनीं २००६ सालीं एक मोठी नामी युक्ति काढली. संदेश येईपर्यंत यंत्र प्रतिपक्षाची पुढील चाल अंदाजानें दाखवितें, आणि अंदाज चुकला तर क्षणांत मागें जाऊन दुरुस्ती करतें. या खेळांतहि तीच पद्धत आहे, व तिच्यामुळेंच दूरदेशींचा सामना शक्य होतो. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. हेच कॅनन १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवीं भरलेल्या एका लहानशा स्पर्धेच्या उभारणींत होते. त्या स्पर्धेंत अवघे ४० खेळाडू समोरासमोर बसून खेळले. तीच पुढें 'एव्हो' या नांवानें जगप्रसिद्ध झाली, आणि २०२३ सालीं लास वेगास येथें तींतील एकट्या 'स्ट्रीट फायटर ६' साठीं सात हजारांहून अधिक खेळाडूंनीं नांवें दिलीं. ज्यानें दूरच्या खेळाची उत्तम सोय केली, त्यानेंहि जवळच्या मेळाव्याची जागा मोडून टाकली नाहीं!

जवळच्या जोडीचें बळ किती असतें हें लाहोरच्या अर्सलान सिद्दीकीनें दाखवून दिलें. खेळाडू त्यास 'अर्सलान ॲश' म्हणून ओळखतात. फेब्रुवारी २०१९ पर्यंत त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्या महिन्यांत जपानांतील फुकुओका येथें 'टेकन ७' ची स्पर्धा त्यानें जिंकली, आणि त्याच वर्षीं लास वेगास येथें कोरियाचा नामांकित खेळाडू 'नी' यास अंतिम सामन्यांत हरविलें. लोकांनीं आश्चर्य केलें, तेव्हां तो सांगूं लागला कीं, आपल्या देशांत आपल्या तोडीचे आणखी पुष्कळ आहेत. प्रथम हें कोणास खरें वाटेना. परंतु 'नी' त्याच वर्षीं स्वतः पाकिस्तानांत जाऊन त्या खेळाडूंबरोबर खेळून आला, आणि पुढें २०२२ च्या जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा आतिफ बट या दुसऱ्या पाकिस्तानी खेळाडूनें जिंकली. गेमच्या लहानशा दुकानांत रोज एकमेकांस हरविणाऱ्या मुलांनीं एकमेकांस घडविलें, याहून त्यांत दुसरें गुपित नाहीं. आपल्या देशाकडूनहि मयंक प्रजापति व अयान बिस्वास हे दोघे २०२३ सालीं हांगचौ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत 'स्ट्रीट फायटर ५' खेळले आहेत.

मग आमच्या मुलानें काय करावें? मीं त्यास सांगितलें, "जर्मनी राहूं दे, तुझ्या बांकावरच्या मित्रास घरीं बोलाव." त्यानें बोलाविलें. पुढच्या सोमवारीं विचारलें तर चेहरा उतरलेला. मित्र आला, लागोपाठ वीस डाव हरला, आणि 'मला अभ्यास आहे' म्हणून निघून गेला तो पुन्हां आला नाहीं. येथेंच मला या सर्व प्रकरणाचें मर्म सांपडलें. या मुलास वाटत होतें कीं जोड कोठें तरी तयार बसलेली असते व ती केवळ शोधावयाची असते. लोकप्रिय खेळांत तसें असेलहि. ज्या खेळास माणसें थोडीं, तेथें मात्र जोड सांपडत नसते; ती घडवावी लागते. तालमींतील थोर गडी पोरास रोज चीत करून हंसत नाहीं. 'माझा हा पट असा धर, असा सोड' म्हणून स्वतःच्याच डावाची तोड त्यास शिकवितो. कारण उद्यां हा पोर तयार झाला तर आपणांसच लढावयास गडी मिळेल, हें तो जाणतो. जो आपली विद्या झांकून ठेवतो तो जिंकतो खरा, पण लवकरच एकटा पडतो.

हें त्या मुलास पटलें. तो मित्राच्या घरीं जाऊन त्याची समजूत घालून आला. त्यानंतर आपणांस हरविणाऱ्या तीन युक्त्या त्यानें स्वतःच त्यास शिकविल्या. तिसऱ्या आठवड्यांत तो एक डाव हरला, आणि तें मला सांगावयास आला तेव्हां जिंकल्याहून अधिक आनंदांत होता. आज शनिवारीं दुपारीं पांच मुलें जमतात. एक कात्रजचा आहे, एक पिंपरीचा. स्वारगेट हें नांवाप्रमाणें जुनें नाकें आहे. सर्व दिशांच्या बसगाड्या येथें येतात, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीची मेट्रोहि थेट येथवर येते. जेथें इतके रस्ते मिळतात तेथें पांच मुलें मिळूं नयेत, हीच नवलाची गोष्ट होती. पहिल्या तासाची झोंपहि आतां गेली आहे.

पालकांच्या मनांत शंका येतील, व त्या रास्त आहेत. मारामारीच्या खेळानें मूल हिंसक होईल काय? खेळाच्या वेष्टनावर वयाची खूण असते. ती पाहिल्यावांचून कोणताहि खेळ घरांत आणूं नये. पैशांचा मोह? संसदेनें २०२५ सालीं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे खेळ निषिद्ध ठरविले, व कौशल्याच्या ई-स्पोर्ट्सना त्यांपासून वेगळें काढून मान्यता दिली. हा भेद प्रत्येक घरांत स्पष्ट असावा. डोळे व अभ्यास यांसाठीं वेळेचें बंधन हवेंच. परंतु एक विचार करा. बंद दाराआड, मध्यरात्रीं, नांव-गांव ठाऊक नसलेल्या परक्याशीं खेळणारा मुलगा बरा, कीं दिवसाउजेडीं तुमच्याच ओसरीवर, ज्याच्या आईस तुम्ही ओळखतां अशा मित्राशीं खेळणारा? खेळ एकच आहे. संगति मात्र निराळी आहे.

म्हणून माझी शाळेस नम्र सूचना आहे कीं, महिन्यांतून एका शनिवारीं एक खोली अशा मुलांस द्यावी. अटी चार असाव्यात: एक शिक्षक हजर, वेळ दोन तास, पैसा मुळींच नाहीं, आणि जो जिंकेल त्यानें हरलेल्यास आपला एक डाव शिकवावा. क्रिकेटच्या अकरा गड्यांस आपण मैदान देतों. ज्यास अकरा तर सोडाच, एकहि गडी मिळत नाहीं, त्याची आठवण शाळेनें नाहीं ठेवावयाची तर कोणीं?

आणि मुलांनो, तुमची आवड कोणतीहि असो, अप्रसिद्ध खेळाची, वाद्याची वा विषयाची, 'येथें कोणीच नाहीं' असें म्हणून दिवा मालवून बसूं नका. शेजारच्या बांकावरील मुलास शिकवा, त्याच्याकडून हरावयास शिका. ज्या दिवशीं तो तुम्हांस पहिल्यानें हरवील, त्या दिवशीं तुम्हांस जोड मिळाली असें समजा.