केकमध्ये रम आहे? आधी सांगा ना!

डिसेंबर आला की कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाच्या तरी सॅकमधून प्लम केकचा डबा निघतोच. मागच्या वर्षी आमच्या कट्ट्यावरही निघाला. अर्धा डबा फस्त झाल्यावर कुणीतरी विचारलं, "ह्यात काय घातलंय रे? वास भारी येतोय." उत्तर आलं, "रम! पण टेन्शन नको, भाजताना उडून जाते." सगळे हसले. एकानं मात्र हातातला तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. त्याच्या घरी दारूपायी काय काय होऊन गेलंय, ते आम्हाला नंतर कळलं.

मुळात 'उडून जाते' हेच अर्धसत्य. अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, हे खरं. पण केकच्या ओल्या मिश्रणातून ते एका झटक्यात बाहेर पडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात घातलेलं अल्कोहोल अर्धा तास भाजल्यावर सुमारे ३५ टक्के आणि तासाभरानंतरही २५ टक्के उरतं. शिवाय केक तयार झाल्यावर त्याला टोचून वरून चमचा-चमचा रम पाजतात, तिला तर ओव्हन दिसतही नाही. रम बॉल्सचं विचारूच नका. केकचा चुरा, कोको आणि रम एकत्र करून वळले की झालं. आच लागतेच कुठे?

आम्ही काही रमच्या नावानं बोटं मोडत नाही. सणाच्या ताटाशी तिचं नातं जुनं आहे. केरळात थलश्शेरीच्या मांबल्ली बापूंनी १८८३ साली ख्रिसमस केक केला, तेव्हा फ्रेंच ब्रँडीऐवजी गावठी दारू वापरली, असं सांगतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत मसाले घालून गरम केलेली खिमड असते. त्यांचे फुगेही पूर्वी ताडीवरच फुगायचे. पण तिथे खाणाऱ्याला ताटात काय आहे ते माहीत असतं. आपल्या डब्याचं तसं नाही. समोरचा रोजे ठेवणारा असेल, माळकरी असेल, औषधं चालू असतील किंवा कुणी मोठ्या कष्टानं दारू सोडलेली असेल. 'एवढ्याशानं काय होतंय' हे तुम्ही कोण ठरवणार?

आणि हो, महाराष्ट्रात रमसाठी कायद्यानं वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे हे पान वाचणारे बहुतेक जण बादच! मग नागपुरी संत्री कशासाठी आहेत? मनुका, बेदाणे, खजूर, अंजीर बारीक चिरून वाटीभर घ्या, त्यावर अर्धी वाटी संत्र्याचा रस, किसलेली साल, दालचिनी आणि चिमूटभर जायफळ घाला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी केकमध्ये घाला. रमवाल्या केकसारखा तो महिनाभर टिकत नाही, पण हॉस्टेलवर केक महिनाभर उरतो कुठे? सोबत प्यायला काळ्या द्राक्षांचा रस लवंग-दालचिनी घालून मंद आचेवर गरम करा. थंडीत मस्त लागतो.

ज्यांच्या घरी रमचाच केक होतो त्यांनी तो जरूर आणावा. फक्त डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर झाकण उघडायच्या आधी तोंडानं सांगा. यंदा आमच्या डब्यावर मार्करनं मोठ्ठं 'संत्रं' लिहिलेलं असेल. आणि तो आधी त्या मित्रापुढे सरकवणार आहोत.