मजुरीची मिरची

बकरी ईदच्या आधी वर्षभराचे तिखट करून ठेवायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. सासूबाई होत्या तेव्हा मिरची भिवापूरची असायची. नागपूरहून उमरेडमार्गे कोणी येणार असले की त्या आधीच निरोप पाठवायच्या. भिवापुरी मिरचीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले, पण तिचा पेरा घटत गेला. आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पुष्कळ घरांत तेलंगणातली बारीक, झणझणीत ‘तेजा’ येते. ती घरापर्यंत कशी पोहोचते, हे मी यंदा एप्रिलमध्ये पाहिले.

माझी मोठी बहीण कागजनगरला असते. आपाकडून परतताना बल्लारशाहच्या गाडीत, जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून बाकांखालपर्यंत मिरचीच्या चुंगड्या होत्या आणि सारा डबा शिंकत होता. खम्ममकडून मिरची तोडून घरी निघालेल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या बाया होत्या त्या. माझ्या शेजारी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या बोटांची कातडी सोललेली होती. शिकवणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? विचारले, “कितवीत आहेस?”

“सहावीत.”

“परीक्षा झाली?”

तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “संक्रांतीपासून आमच्यासंगच होती ना जी. घरी ठेवावं कोनापाशी?”

मग बल्लारशाह येईपर्यंत आम्ही दोघींनी अपूर्णांक सोडवले. अर्धा आणि पाव मिळून किती, इथेच ती अडत होती.

स्टेशनबाहेर मी तिच्याच आईकडून पाच किलो मिरची घेतली. तिने दोनशे रुपये किलो सांगितले, मी दीडशेवर आणले. घासाघीस मला चांगली जमते, असा घरात माझा लौकिक आहे. तिच्याजवळ काटा नव्हता. तिने ओंजळीने माझी पिशवी भरली, पाच किलोचे साडेसातशे रुपये घेतले आणि वर आणखी ओंजळी टाकल्या. घरी येऊन तोलले तर सहा किलो भरले. मुलगा म्हणाला, “अम्मी, फायदा झाला!” मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

ही मिरची काय असते, ते जरा समजून घेऊ. आपल्या पूर्व भागात धानाचे एकच पीक. डिसेंबरपर्यंत कापणी-मळणी आटोपते आणि हाताला काम उरत नाही. नेमके त्यानंतर खम्मम, वारंगल, मुलुगू भागात मिरची लाल होते. झाडावरची सगळी मिरची एकदम पिकत नाही, म्हणून दोन-तीनदा हातानेच तोडावी लागते. आपल्या गावांतून माणसे जीपने, ट्रकने, रेल्वेने तिकडे जातात. मजुरी कुठे रोजावर, कुठे किलोवर, तर कुठे तिचा काही भाग मिरचीतच. घरी आलेली चुंगडी म्हणजे असा साठवलेला पगार असतो. मी किलोमागे पन्नास रुपये कमी केले, ते व्यापाऱ्याच्या नफ्यातले नव्हते. तिच्या मजुरीतले होते.

या वाटेवर पोरेही असतात. 2020 च्या टाळेबंदीत मुलुगू जिल्ह्यात मिरची तोडायला गेलेली, आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्याची बारा वर्षांची एक मुलगी तीन दिवस चालत घराकडे निघाली होती. गाव जवळ आले असताना ती वाटेतच गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून ती बातमी आपण सर्वांनी वाचली, हळहळलो. त्यानंतरही दर उन्हाळ्यात आपण मिरची घेतोच आहोत.

मापातील लबाडीवर कुरआनात एक सूरहच आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना तिच्यात इशारा आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना याच गोष्टीसाठी समजावले होते. आपण हे दुकानदारासाठी आहे असे समजतो. घेणारा हात आपला असतो तेव्हा ते आठवत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विकताना आणि विकत घेतानाही नरमाईने वागणाऱ्यासाठी दुआ केली आहे. शिवाय हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसाच्या हक्काचा मामला. ज्याचे घेतले त्याचे त्यालाच परत करावे लागते.

मुलीने शाळेचे गाव सांगितले होते. ओळखीच्या शिक्षकांकडून तिथल्या गुरुजींचा नंबर मिळवला. सहा किलोचे दोनशेने बाराशे होतात, म्हणजे माझ्याकडे साडेचारशे रुपये निघत होते. ते पाठवले, तेव्हा गुरुजींनी तिच्या आईला फोनवर दिले. ती म्हणाली, “भाव तुमी सांगतला, माप म्या भरलं. तुमी पोरीले गनित शिकवत होता, म्हून जास्त टाकलं. आता पैसे कायले?” मी शरमले. बऱ्याच आग्रहानंतर तिने पैसे ठेवून घेतले.

गुरुजींनी सांगितलेले जास्त बोचले. जानेवारी लागला की त्यांच्या वर्गातले बाक रिकामे होतात. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी कार्डही आहे. पण मराठी शाळेतले मूल तेलुगू शाळेत कार्ड घेऊन बसणार कसे? ते शेतातच जाते. सहावीत नापास करत नाहीत, त्यामुळे ही मुलगी सातवीत जाईल. अपूर्णांक मात्र राहिले ते राहिलेच. वसतिगृह उघडायचे तर गाव रिकामे होण्याआधी, डिसेंबरातच शाळा व्यवस्थापन समितीने पाठपुरावा करावा लागतो. आपल्यापैकी कोणी अशा समितीवर असेल, तर ही तारीख ध्यानात ठेवावी.

मिरची घेणाऱ्या भगिनींसाठी चार गोष्टी. काट्यावर तोलून घ्या, म्हणजे दोघांचाही हक्क राखला जातो. रंग एकसारखा लाल हवा. पांढुरकी ‘फटकी’ कमी असावी. ओलसर, काळे डाग वा बुरशी धरलेली मिरची टाकून द्या, कारण बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, मग लोखंडी कढईत मंद आचेवर, थेंबभर तेल लावून, खिडक्या उघडून भाजा. काळी पडू देऊ नका, तिखट कडवट होते. हाताची आग पाण्याने जात नाही. आधी तेल चोळून मग साबणाने धुवा. तयार तिखट घेतले असेल तर पेलाभर पाण्यावर चिमूटभर टाकून पाहा. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरू लागल्या, तर वरून रंग मिसळलेला आहे असे समजा.

आणि मिरची विकणाऱ्या बाईबरोबर मूल असेल, तर भावाआधी त्याची इयत्ता विचारा. उत्तर देताना ते आईकडे पाहू लागले, तर त्याच्या शाळेचे नाव लिहून घ्या आणि एक फोन करा.

आमची सहा किलो भाजून, कांडून झाली. ईदच्या सालनात तीच पडेल. गुरुजींनी त्या मुलीला उन्हाळ्यात तासभर बसवायचे कबूल केले आहे, आणि दर रविवारी फोनवरून गणित घेणे माझ्याकडे आले आहे. परवा तिने पाव आणि अर्धा मिळवून पाऊण सांगितले.