बातमी कोण ठरवतो?

पत्रकारितेच्या वर्गात आमच्या मुलामुलींना निःपक्षपातीपणाचे धडे दिले जातात. धडे चांगलेच आहेत. पण कोणती घटना बातमी ठरते, हे ज्या टेबलावर ठरते तिथे कोण बसले आहे?

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. बड्या माध्यमांना तिचे गांभीर्य कळायला महिना लागला, तेही समाज रस्त्यावर उतरल्यावर! मग चर्चा सुरू झाली ती 'अनैतिक संबंधां'ची आणि आंदोलनामागच्या नक्षलवाद्यांची. जात कुठे गेली? त्याच वर्षी ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. २०१९ च्या पाहणीत १२१ प्रमुख पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे, आमच्याकडे शून्य! (गुणवत्ता, दुसरे काय?) १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे वाचकांना ठाऊक आहेच.

२००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. फाशीचा गाजावाजा झाला. अॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र कोणीही दोषी ठरला नाही, आणि आम्हा वकिलांच्या मते खटल्याचा जीव तिथेच होता.

म्हणून पत्रकार होऊ पाहणाऱ्या आमच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे : अत्याचाराच्या गावी गेलात तर पोलिसांच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. एफआयआरची प्रत मिळवा, कलमे वाचा. अॅट्रॉसिटीचे कलम नसेल तर बातमीची पहिली ओळ तीच करा.