पाण्याखालचा रूळ

दिवाळी तोंडावर आली की आमच्या पिंपळे सौदागरातल्या सोसायटीत किल्ल्याची धामधूम सुरू होते. एके काळी या गावाभोवती शेतेच शेते होती. आता चहूकडे फरशी आणि डांबर. त्यामुळे किल्ल्यासाठी मुलांना चक्क मातीची पोती विकत आणावी लागतात. मग विटा रचायच्या, चिखल थापायचा, वर अळीव पेरून हिरवेगार रान उठवायचे, माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवायचे आणि पायथ्याशी सलाईनच्या नळीतून कारंजे उडवायचे! कारंज्याखाली तळे, आणि तळ्यात कागदाची नाव.

या सोहळ्यात एक वाद दरवर्षी ठरलेला. जुन्या खोक्यातून चित्रे बाहेर निघतात आणि एका शिंग मोडलेल्या गाईपाशी घोडे अडते. एक पक्ष म्हणतो, "पहिल्यापासून आहे, ठेवायचीच." दुसरा म्हणतो, "मोडकी आहे, काढा." दोन्ही पक्षांचे नेते आठ-दहा वर्षांचे असतात, पण आवेश असा, की नगरपालिकेच्या सभेनेही मान खाली घालावी.

हाच वाद मी सातासमुद्रापलीकडे, एका फार मोठ्या किल्ल्यापाशी ऐकला आहे. नुसता ऐकला असे नव्हे, त्यात हिरिरीने भागही घेतला आहे. आणि सांगायला संकोच वाटतो, चुकीच्या बाजूने घेतला आहे.

माझा धाकटा भाऊ लॉस एंजेलिसजवळ राहतो. त्याच्याकडे आम्ही प्रथम गेलो ते २०१६ च्या मे महिन्यात. तिकडे गेलेल्या पाहुण्याला डिस्नेलँड दाखवणे हे यजमानाचे कर्तव्यच असते. आपल्याकडे पुण्याच्या पाहुण्याला सारसबागेतल्या गणपतीला नेतात तसे. मोठ्या माणसांनी पैसे ओतून, बारा महिने मांडून ठेवलेला किल्ला म्हणजे डिस्नेलँड, असे मी मनाशी समीकरण मांडले आणि ते अगदीच चुकले नाही. ॲनाहाइम गावातल्या संत्र्यांच्या बागा तोडून १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्नेने हे उद्यान उघडले. त्या पहिल्या दिवसापासून तिथे एक नावेची सहल आहे. तिचे नाव 'जंगल क्रूझ'.

नावेला वर छप्पर, पुढे टोपी घातलेला नावाडी, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक. सात-आठ मिनिटांत तो तुम्हांला आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या तीन खंडांतल्या नद्या फिरवून आणतो. नावांना नद्यांवरून नावे दिलेली. एक नाईलची, एक काँगोची, एक इरावतीची. गंगेच्या नावाचीही एक आहे. आमच्या वाट्याला नेमकी तीच आली, तेव्हा सौ.ने नकळत हात जोडले.

डिस्नेच्या मनात म्हणे तिथे खरी जनावरे सोडायची होती. जाणत्यांनी सांगितले, खरी जनावरे ऐन प्रेक्षकांच्या वेळी झोपा काढतील किंवा झुडपाआड दडतील. म्हणून यंत्रांची जनावरे आली. रान मात्र खरे आहे, आणि ते उभारताना बिल एव्हान्स नावाच्या माळ्याने मोठी गंमत केली. तोडलेली काही संत्र्याची झाडे त्याने उलटी पुरली, मुळे वर! ती वेडीवाकडी मुळे पाहून कोणालाही वाटावे, हे कुठले तरी अघोरी विलायती झाड. टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही युक्ती आमच्या सोसायटीतल्या किल्लेदारांना मी आवर्जून सांगितली आहे.

पण मला सर्वांत आवडली ती पाण्याची युक्ती. नावाडी सुकाणू गरगर फिरवतो, "सांभाळा, पाणघोडा!" म्हणून ओरडतो, प्रत्यक्षात नाव तो वळवतच नसतो. पाण्याखाली एक रूळ आहे आणि नाव त्यावरून मुकाट्याने जाते. वेग कमी-अधिक करणे एवढेच नावाड्याच्या हाती. रूळ दिसू नये म्हणून पाण्यात रंग मिसळून ते मुद्दाम गढूळ ठेवलेले असते.

आणि नावाड्याचे विनोद! सगळे ठरलेले, सगळे जुने. तिथे एक धबधबा आहे. नाव त्याच्या आडून जाते, आणि नावाडी जगातले आठवे आश्चर्य दाखवावे अशा थाटात सांगतो, की आता पाहा पाण्याची पाठ! नावेतले लोक विनोदाच्या आधीच हसू लागतात. कीर्तनातली आख्याने आपल्याला पाठ असतात, तरी आपण बुवांच्या तोंडून ती पुन्हा ऐकतोच ना? तसेच ते.

पुढे काठावर माणसे लागली. अर्थात यंत्राची. काळी, उघडी, हातात भाले घेतलेली. गेंड्याच्या भीतीने खांबावर चढून बसलेली एक टोळी होती. तीत एक गोरा साहेब आणि बाकीचे काळे हमाल. शेवटच्या वळणावर माणसांची वाळवलेली मुंडकी विकणारा एक रानटी सौदागर. त्यावर नावाड्याने विनोद केला, नाव हसली, मीही हसलो. आमची कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. ती हसली नाही. तिने विचारले, "बाबा, ही माणसं प्राण्यांमध्ये का राहतात? त्यांना घर नाही?"

मी म्हणालो, "अगं, खोटी आहेत ती." प्रश्न टाळण्याची ही बापांची जुनी रीत आहे.

त्यानंतर जगावर महामारी आली. मार्च २०२० मध्ये डिस्नेलँडला कुलूप लागले ते पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेर निघाले. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, त्या मंडळींनी जाहीर केले, की या नावेची दुरुस्ती करणार आणि ती भालेवाली माणसे काढणार. भावाने फोनवरून ही बातमी सांगितली ती घरात काही अशुभ घडावे अशा स्वरात. "पासष्ट वर्षांची गंमत! उद्या म्हणतील विनोदही नकोत." मीही तावातावाने दुजोरा दिला. जुन्या ग्रंथाला हात लावू नये, हा तर आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा कुलाचार! पाठभेद तळटीपेत द्या, पण मूळ संहिता तशीच ठेवा, असे एक छोटेसे व्याख्यानच मी त्याला दिले. खर्च त्याचा होता, म्हणून ते जरा लांबले.

१६ जुलै २०२१ ला नाव पुन्हा सुरू झाली. आमचा दुसरा फेरा झाला तो २०२३ च्या मे महिन्यात. काय बिघडवून ठेवले आहे ते एकदा पाहूच, अशा परीक्षकाच्या भूमिकेतून मी रांगेत उभा राहिलो.

नाव तीच होती. पाणी तेच, गढूळ. उलटी झाडे आपल्या जागी. हत्तींची आंघोळ चालूच होती, आणि 'पाण्याची पाठ' आली तेव्हा लोक पहिल्यासारखेच आधीच हसले. खांबावर चढलेली टोळीही होती. फक्त आता तीत चित्रकार, पक्षी पाहणारे, किडे गोळा करणारे अशी नाना तऱ्हेची मंडळी होती आणि फजिती सर्वांची सारखीच झाली होती. एका फुटक्या नावेचा चिंपांझींनी ताबा घेतला होता. भालेवाले नव्हते. मुंडक्यांचा सौदागर नव्हता. आणि खरे सांगतो, त्यांची जागा रिकामी वाटेल म्हणून मी डोळे ताणून बसलो होतो, ती जागा नेमकी कोणती हेच मला सापडेना!

संध्याकाळी भावाच्या घरी मी जरा वाचन केले आणि माझ्या 'मूळ संहिते'चा बोजवारा उडाला. हत्तींची आंघोळ पहिल्या दिवसापासूनची नव्हेच. ती १९६२ ची. खांबावरची टोळी १९६४ ची. आणि ज्या विनोदांसाठी भाऊ गळा काढत होता, ते तर आरंभी नव्हतेच. सुरुवातीच्या वर्षांत नावाडी गंभीर चेहऱ्याने वनस्पती-प्राण्यांची माहिती सांगत असे. एकदा म्हणे एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "ही सहल नको, आपण पाहिलेली आहे." ते डिस्नेच्या कानावर पडले आणि तेव्हापासून भर घालण्याचे सत्र सुरू झाले. म्हणजे आम्ही ज्याला परंपरा म्हणून कवटाळत होतो, ती मुळात दुरुस्त्यांचीच एक माळ होती. आपल्याकडे तरी काय? १८८२ सालचे 'सौभद्र' पूर्वीच्या रसिकांनी रात्र जागवून पाहिले, आपण ते तीन तासांत पाहून शेवटची बस गाठतो. म्हणून ते 'सौभद्र' नव्हे असे कोणी म्हणत नाही.

इथवर सारे पांडित्य झाले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती निराळ्याच कारणाने. मला माझाच एक विनोद आठवला.

वीसेक वर्षे मी मराठी शिकवतो. चाकण, खेड, मावळ या भागांतली मुले वर्गात असतात. कित्येकांच्या घरी 'ण' नाही. तिथे 'पानी' असते, 'लोनी' असते. वर्गात कोणी वाचताना "कोन" म्हणाला, की मी हात वर करून म्हणत असे, "अरे, कोन भूमितीच्या तासाला! इथे कोण!" वर्ग खो-खो हसे. दरवर्षी. मी तो विनोद करतो असे मला वाटे; वास्तविक तो माझ्याकडून होत असे. तास सुरू झाला, "कोन" आले, की नाव आपोआप तिकडे वळे.

२०१९ च्या पाडव्याला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालेला, हातात पेढे, बरोबर बायको. बोलता बोलता हसत म्हणाला, "सर, तुमचा तो भूमितीचा विनोद अजून आठवतो. त्या दिवसानंतर मी वर्गात वाचायला कधी उभा राहिलो नाही." त्याच्या स्वरात राग नव्हता, उलट माझ्या स्मरणशक्तीला हातभार लावावा तसा तो बोलला. मी म्हणालो, "अरे, गंमत होती ती." आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली.

"खोटी आहेत ती." "गंमत होती ती." वाक्ये निराळी, बाप तोच.

याच वर्गात, याच तोंडाने, मी बहिणाबाईंची कविता शिकवतो. तिच्यात 'ळ'च्या जागी 'य' येतो, 'ण'च्या जागी 'न' येतो, आणि मी गहिवरून सांगतो, की पाहा ही बोलीची गोडी! छापील पुस्तकात आली की गोडी, आणि चाकणच्या पोराच्या तोंडी आली की भूमिती! तीही असो. ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आपण आपली भाषा आली असे अभिमानाने सांगतो, तिच्यात तर सरसकट 'न'चा 'ण' होई. नगराला 'णअर' म्हणत. 'गाथासप्तशती'चा हाल सातवाहन माझ्या वर्गात येता, तर मी त्यालाही बाकावर उभा केला असता. प्रमाण भाषा शिकवायची नाही असे माझे म्हणणे नाही. ती शिकवण्याचाच मला पगार मिळतो. 'कोण' शिकवायलाच हवा. पण त्यासाठी एका मुलाला काठावर उभे करून बाकीच्यांनी नावेतून हसायला हवे, असे कोठे लिहिले आहे?

जूनमध्ये कॉलेज उघडले. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी धडा वाचायला उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीत "कोन" आले. माझा हात, देवाशपथ, अर्धा वर गेला होता! मी त्याच हाताने चष्मा सारखा केला. ती वाचत राहिली. पान संपले, दुसरे पान तिने न सांगता उलटले. तास संपल्यावर मी तिला बोलावून 'ण' म्हणताना जीभ टाळूला कुठे लागते ते दाखवले. तिने दोनदा म्हणून पाहिला आणि मैत्रिणींत निघून गेली. तो विनोद नसल्याची तक्रार अद्याप एकाही विद्यार्थ्याने केलेली नाही. चांगला विनोद म्हणून मी वीस वर्षे जपलेला तो. थोडे वाईट वाटलेच.

यंदाच्या किल्ल्याचे काम सुरू झाले आहे. शिंग मोडलेल्या गाईवरून वाद झाला, आणि कन्येने मध्यस्थी करून मातीचे नवे शिंग बसवले. ती आता मोठी झाली आहे. किल्ल्यात स्वतः हात घालत नाही, सल्ले देते.

राहता राहिला माझा विद्यार्थी. पाडव्याला तो दरवर्षी सहकुटुंब फराळाला येतो. चार वेळा दुरुस्तीचा बेत केला आणि चारही वेळा बशी पुढे सरकवली. या वर्षी मात्र तो दारात आल्या आल्या, चकलीला हात लावण्यापूर्वी, "बाबा रे, त्या वेळी माझे चुकले," एवढे बोलून टाकायचे असे ठरवले आहे.

सौ.चे मत थोडे निराळे आहे. ती म्हणते, "अहो, आधी त्याला फराळ करू द्या. मग काय ते बोला. नाहीतर तुम्ही प्रस्तावना सुरू कराल, आणि चकल्या मऊ पडतील."